निकष कोणासाठी? फायलीसाठी की मुलांसाठी?

शिक्षणक्षेत्रात अलीकडे जे नवे शब्द वारंवार कानी पडू लागले आहेत, त्यांत ‘रुब्रिक’ हा एक आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत, मूल्यमापनाच्या हस्तपुस्तिकांत आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तयार झालेल्या समग्र प्रगती पत्रकांच्या नमुन्यांत त्याचा सर्रास वापर होतो. अशा शब्दांचा आपल्याकडील अनुभव फारसा सुखावह नाही. शब्द येतो, त्याचे तक्ते छापले जातात, ते भरून देण्याची अखेरची तारीख जाहीर होते; आणि ज्या कल्पनेसाठी शब्द आला ती कल्पना मात्र वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच उभी राहते. रुब्रिकच्या वाट्यालाही हेच येणार काय, याचा विचार वेळीच व्हावयास हवा. कारण ही कल्पना टाकाऊ नाही. विद्यार्थ्याच्या कामाची पारख शिक्षक कशाच्या आधारे करतो, हे विद्यार्थ्याला आधी सांगितले पाहिजे, एवढाच तिचा साधा अर्थ आहे. आणि साधा असूनही तो आपल्या शाळांना अद्याप पचलेला नाही.

रुब्रिक म्हणजे पारखण्याचा तक्ता. त्यात एका बाजूला कामाचे निकष असतात आणि प्रत्येक निकषापुढे तीन-चार चढत्या पायऱ्यांची वर्णने असतात. सातवीच्या वर्गाला ‘आमच्या गावचा बाजार’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला आहे, असे समजा. त्यात ‘निरीक्षण’ हा एक निकष ठरला, तर पहिली पायरी अशी असेल: बाजारात काय काय असते याची केवळ यादी दिली आहे. दुसरी: वर्णन आहे, परंतु ते कोणत्याही गावच्या बाजाराला लागू पडेल. तिसरी: वर्णन याच बाजाराचे आहे, हे तपशिलांवरून वाचणाऱ्याला कळते. चौथी: त्या तपशिलांतून लिहिणाऱ्याने बाजाराविषयी स्वतःचे काही म्हणणे मांडले आहे. निबंध लिहिण्यापूर्वीच ही चार वाक्ये मुलांसमोर आली, तर आपण आज कोठे उभे आहोत आणि पुढचे पाऊल कोणते, हे त्यांना कोणी वेगळे सांगण्याची गरज राहत नाही. उलट ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’, ‘साधारण’ आणि ‘असमाधानकारक’ अशी चार विशेषणे चार रकान्यांत मांडली, तर तक्ता तयार होतो. रुब्रिक तयार होत नाही. कारण ‘साधारण’ म्हणजे नेमके काय उणे पडले, हे त्यातून कळत नाही.

शब्दाचे मूळही बोलके आहे. लॅटिन भाषेत ‘रुब्रिका’ म्हणजे तांबडी माती, गेरू. मध्ययुगीन युरोपातील धर्मग्रंथांत मुख्य मजकूर काळ्या शाईने आणि शीर्षके व विधींच्या सूचना तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून त्या सूचनांना हे नाव पडले. आपल्याकडील पोथ्यांतही श्लोकांचे आकडे आणि अध्यायसमाप्ती गेरूने रंगविण्याची चाल होती. म्हणजे तांबडी अक्षरे वाचणाऱ्याला वाट दाखविण्यासाठी होती. आपल्या शाळांत तांबडी शाई उरली ती चूक दाखविण्यापुरती.

एकाच उत्तराचे अनेक भाव

गुणांचा आकडा निश्चित असतो, म्हणून तो न्याय्यही असतो, अशी आपली समजूत आहे. परीक्षेत ५८ गुण मिळालेला विद्यार्थी ५७ गुण मिळालेल्यापेक्षा सरस, असे धरून प्रवेश दिले जातात आणि नोकऱ्याही वाटल्या जातात. परंतु हा आकडा ज्या हाताने लिहिला, तो हात बदलला असता तर काय झाले असते, याची तपासणी शंभर वर्षांहून अधिक काळ होत आली आहे. अमेरिकेत १९१२-१३ मध्ये स्टार्च आणि एलियट या दोघांनी एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यासाठी पाठविल्या. भाषेच्या पेपरात मतभेद होणे समजण्यासारखे होते. परंतु भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेला कोणी शंभरापैकी तीसच्याही आत गुण दिले, तर कोणी नव्वदच्या वर. सिद्धतेतील पायऱ्यांना, आकृतीला आणि टापटिपीला किती महत्त्व द्यावयाचे, याविषयी प्रत्येकाचा हिशेब निराळा होता.

१९३५ मध्ये इंग्लंडात सर फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी परीक्षांचीच परीक्षा घेतली. हे हार्टॉग भारताला अपरिचित नव्हते. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि येथील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२९च्या समितीचे अध्यक्ष. मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी १५ अनुभवी परीक्षकांकडे दिल्या. ९६ पैकी २१ पासून ७० पर्यंत गुण पडले. यापुढील गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. बारा ते एकोणीस महिन्यांनंतर त्यांपैकी १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासावयास दिल्या, तेव्हा उत्तीर्ण, अनुत्तीर्ण किंवा विशेष योग्यता यांविषयीच्या २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. येथे परीक्षक दुसऱ्याशी सहमत नव्हता एवढेच नाही. तो स्वतःशीही सहमत नव्हता.

यातून वाट कशी काढावी, याचे उत्तर १९६१च्या एका अभ्यासाने सुचविले. पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. त्यांत भाषेचे प्राध्यापक होते, तसेच वकील, संपादक आणि व्यावसायिकही होते. नऊ श्रेण्यांपैकी कोणतीही द्यावी, निकष ज्याचे त्याने ठरवावेत, अशी मुभा होती. तीनशेंपैकी १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेण्या मिळाल्या. मात्र डीडरिक या गोंधळाची नोंद करून थांबले नाहीत. वाचकांचे अभिप्राय तपासताना त्यांना पाच गट आढळले. कोणी विचारांना महत्त्व देत होते, कोणी रचनेला, कोणी व्याकरण आणि लेखनशुद्धीला, कोणी शब्दयोजनेला, तर कोणी लेखनातील खास स्वतःच्या अशा रंगाला. म्हणजे वाचक बेजबाबदार नव्हते. प्रत्येक जण निराळी वस्तू तोलत होता आणि तराजूवर मात्र एकच आकडा उमटत होता. हे निराळे गुण निराळे मांडावेत आणि मग पारखावेत, या विचारातून आजचे रुब्रिक उभे राहिले आहे.

आपल्याकडेही ही चर्चा नवी नाही. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षांचे ओझे कमी करून वर्षभराच्या नोंदींना स्थान द्यावे, असे सुचविले होते. १९५७ पासून बेंजामिन ब्लूम यांच्या मार्गदर्शनाखाली भारतातील शिक्षकांसाठी मूल्यमापनाच्या कार्यशाळा झाल्या. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने तेच सूत्र पुढे नेले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक होते. सूचनांची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती सूचना वर्गापर्यंत पोहोचताना तिचे काय होते, याकडे पाहण्याची.

अलिखित निकषांची किंमत

निकष लिहिलेले नसले, म्हणजे ते नसतात असे नाही. ते शिक्षकाच्या मनात असतात. आणि ज्या घरांत पुस्तके आहेत, शिकलेले आईबाप आहेत, शिकवणीचे पैसे आहेत, त्या घरांतील मुलांना ते न सांगता समजतात. निबंधाची सुरुवात कशी करावी, उत्तर किती लांब असावे, कोणता शब्द ‘शुद्ध’ आणि कोणता ‘गावंढळ’, हे अशा मुलाला घरीच कळते. ज्याच्या घरात शाळेची पायरी चढणारा तोच पहिला, त्याला मात्र ‘नीट लिही’, ‘अजून प्रयत्न कर’ एवढेच ऐकू येते. नीट म्हणजे कसे आणि प्रयत्न कोणत्या दिशेने, हे त्याने ओळखावयाचे असते. मग न ओळखता आलेला निकष त्याच्या बुद्धीच्या खाती जमा होतो. रुब्रिकचा खरा प्रश्न येथे आहे. तो मूल्यमापनशास्त्राचा प्रश्न असेल, परंतु त्याआधी तो समतेचा प्रश्न आहे.

वर दिलेल्या निबंधाचेच उदाहरण घेऊ. एक विद्यार्थी पाठ केलेली सुबक वाक्ये लिहितो. त्याच्या बाजारात ‘विविध रंगांची फळे’ असतात आणि ‘आबालवृद्धांची लगबग’ असते. दुसरी विद्यार्थिनी लिहिते की, बाजारात लई गर्दी व्हती, आईनं सकाळी वांग्याचा भाव धरून ठेवला आणि सांजच्याला तो पडला, तवा उरलेली वांगी निम्म्यानं द्यावी लागली. दोघांनाही दहापैकी सहा गुण मिळाले, तर दोघांनाही काहीच कळले नाही. पहिल्याने बाजार पाहिलाच नाही, आणि दुसरीने बाजाराचे अर्थशास्त्र दोन वाक्यांत सांगितले, ही गोष्ट त्या ‘सहा’मध्ये गडप झाली. निरीक्षण, मांडणी आणि प्रमाणलेखन हे निकष निरनिराळे मांडले, तर मुलीला कळेल की, निरीक्षणात ती वरच्या पायरीवर आहे आणि प्रमाणलेखनात तिला अजून चढावयाचे आहे. तिच्या बोलीचा अपमान न करता तिला प्रमाणभाषेकडे नेण्याचा हा मार्ग आहे. पहिल्या मुलालाही कळेल की, अक्षर सुंदर असले तरी डोळे उघडावयाचे राहिले आहेत.

परंतु याच तक्त्यात उलटे विषही भरता येते. चारपैकी तीन निकष ‘हस्ताक्षर’, ‘शुद्धलेखन’ आणि ‘ओळींची संख्या’ असे ठेवले, तर जुनाच पक्षपात शास्त्रीय पोशाखात वर्गात येतो. नंदुरबारमध्ये पावरी किंवा भिली बोलणारे मूल, मेळघाटात कोरकू बोलणारे मूल, गडचिरोलीत माडिया बोलणारे मूल पहिलीत मराठी वर्गात गप्प बसते. त्याच्या नावापुढे ‘तोंडी काम: प्रतिसाद देत नाही’ अशी नोंद झाली, तर ती नोंद मुलाविषयी आहे की शाळेच्या भाषेविषयी? निकष शब्दाचा मूळ अर्थ सोने घासून पाहण्याचा कसोटीचा दगड. दगड सोन्याचा कस सांगतो. परंतु दगडच भेसळीचा असेल, तर दोष सोन्याच्या माथी मारला जातो. निकष लिहून काढण्याचा मोठा लाभ असा की, दगडही तपासता येतो. मनातला निकष तपासता येत नाही, कागदावरचा येतो.

महाराष्ट्राचा अनुभव

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आदेश काढला. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के वजन, आणि वरच्या वर्गांत ते कमी होत सातवी-आठवीत ४० टक्के. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने त्यासाठी सांगितली आणि प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंद करावी, असे ठरले. कल्पना उत्तम होती. ज्या शिक्षकांनी ती मनावर घेतली त्यांच्या वर्गांत तिने चांगले फळही दिले. परंतु अनेक शाळांत काय घडले, हे शिक्षकांना ठाऊक आहे. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या. ‘परिसरातील घटनांविषयी कुतूहल दाखवतो’ हे वाक्य हजेरीपटाच्या क्रमाने एका मुलाच्या नावापुढून दुसऱ्याच्या नावापुढे उतरत गेले. अधिकाऱ्याने वही पाहिली, वही पूर्ण होती, शेरा चांगला पडला. ज्या मुलाविषयी वाक्य लिहिले, त्याने ते कधी वाचले नाही.

याचा दोष केवळ शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. साधे गणित करून पाहावे. वर्गात ४० मुले, आठ विषय, प्रत्येक विषयात चार निकष आणि वर्षातून दोन सत्रे, एवढे धरले तरी एका शिक्षकाने वर्षाला २,५६० निर्णय नोंदवावयाचे आहेत. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत हाच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत शिकवतो. जनगणना आणि निवडणुकीची कामे कायद्यानेच त्याच्यावर टाकली आहेत. माहिती ऑनलाइन भरण्याचे काम कोणत्या कायद्याने टाकले, हे विचारण्याची सोय नाही. एवढ्या ओझ्याखाली निर्णय हा निर्णय राहत नाही. तो खूण होतो.

केंद्रीय मंडळाचा अनुभव निराळा नाही. तेथे नववी-दहावीसाठी २००९ पासून आणलेली अशीच योजना २०१७ मध्ये गुंडाळावी लागली आणि २०१८ पासून दहावीची मंडळाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली. राज्याच्या दहावीच्या निकालांनी तर अंतर्गत गुणांवरील लोकांच्या विश्वासाची परीक्षाच घेतली. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील अंतर्गत गुण रद्द झाले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पालकांत ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये साथीमुळे लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर गुण दिले गेले आणि ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. लगेच अकरावीच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षा घेण्याचा निर्णय झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, ही गोष्ट वेगळी. शाळांनी दिलेले गुण स्वीकारले, पण त्यांवर विसंबण्याची तयारी नव्हती, हे त्या निर्णयाने उघड केले.

हा अविश्वास निराधार म्हणता येणार नाही. मंडळाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षकाला विद्यार्थ्याचे आडनाव, गल्ली, बापाचा धंदा ठाऊक नसतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आडनावावरून मोजले गेले, त्यांना या अनामिकतेत न्यायाचा आधार वाटतो आणि तो वाटणे योग्यच आहे. म्हणूनच ‘परीक्षा बंद करा आणि शिक्षकावर सोपवा’ हे घोषवाक्य ऐकताच सामान्य पालक धास्तावतो. केंद्राने २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षांची वाट मोकळी केली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियम केले. त्यालाही मोठा विरोध झाला नाही, याचे कारण हेच आहे. रुब्रिकला या अविश्वासाचे उत्तर द्यावे लागेल. ते देण्याची शक्ती त्यात आहे. कारण जो निकष आधी जाहीर झाला आहे, त्याच्यावर बोट ठेवून विद्यार्थी विचारू शकतो की, ‘सर, तिसऱ्या पायरीचे वर्णन माझ्या निबंधाला लागू पडते, मग मला दुसरी का?’ असा प्रश्न ज्या वर्गात विचारता येतो, तेथे शिक्षकाच्या अधिकाराला धक्का लागत नाही. त्याला आधार मिळतो. परंतु तक्ता फायलीत गेला, की हा प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही.

आकडा जिंकतो तेव्हा

आणखी एक धोका आहे. रुब्रिकच्या पायऱ्यांना एक, दोन, तीन, चार असे गुण देऊन त्यांची बेरीज करण्याचा मोह आवरत नाही. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना कामावर केवळ लेखी अभिप्राय दिला, काहींना केवळ गुण आणि काहींना दोन्ही. ज्यांना केवळ अभिप्राय मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले आणि रसही टिकला. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांची गत मात्र केवळ गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला, की डोळे शब्दांवर ठरत नाहीत. हा मनुष्यस्वभाव आहे. येथील शिक्षकांना आणि पालकांना तो इस्रायलमधून कळण्याची गरज नाही. समग्र प्रगती पत्रकाच्या काही नमुन्यांत पायऱ्यांना झरा, पर्वत आणि आकाश अशी बालसुलभ नावे आहेत. हेतू चांगला आहे. परंतु शेजारच्या मुलाला ‘आकाश’ मिळाले आणि आपल्याला ‘झरा’च का, असा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला, तर नावे बदलून साधले काय? पहिला नंबर नाव बदलून राहिला, एवढेच म्हणावे लागेल.

मुलांच्या नोंदींवरून शाळेची प्रतवारी आणि शिक्षकाची लायकी ठरविण्याचा मोह तर त्याहून घातक. इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये ‘निकाल तसे अनुदान’ ही पद्धत आणली. शाळातपासनीस मुलांना वाचन, लेखन आणि अंकगणितात तपासत आणि त्यावर शाळेला पैसे मिळत. स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनी तिच्यावर कठोर टीका केली. शिक्षण यांत्रिक झाले, मुले पुस्तकातील उतारे तोंडपाठ म्हणू लागली, असा तिचा अनुभव आला आणि शतक संपण्यापूर्वी तिला तेथे निरोप देण्यात आला. मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकात अनुदानासाठी हीच पद्धत चालली. ज्या नोंदीवर पगार, शेरा किंवा बदली अवलंबून असते, ती नोंद लवकरच खरे सांगण्याचे सोडून देते. शाळांची आणि जिल्ह्यांची स्थिती सरकारला जाणून घ्यावयाची असेल, तर त्यासाठी नमुना पाहणी हे साधन आहे. २०१७ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’चे सर्वेक्षण झाले. ते काम त्यांनी करावे. मुलाच्या वहीतील रुब्रिकला त्या कामाला जुंपू नये.

थोडे, पण खरे

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, रुब्रिक सर्वत्र लागत नाही, हे मान्य करावे. पाढे येतात की नाहीत, बेरीज बरोबर की चूक, हे ठरविण्यासाठी तक्ता मांडणे म्हणजे मुंगीला मारण्यासाठी तोफ डागणे आहे. जेथे उत्तर एकच नसते आणि कामाचे अनेक पैलू असतात, म्हणजे निबंध, भाषण, प्रयोगाची नोंद, परिसराची पाहणी किंवा गणितातील शाब्दिक उदाहरणाची उकल, तेथेच ते उपयोगी पडते. एका सत्रात एका विषयासाठी एकच काम आणि त्यासाठी तीन किंवा चार निकष, एवढ्यावर थांबले तरी पुरे. अडीच हजार खुणांपेक्षा अडीचशे विचारपूर्वक निर्णय मुलांच्या अधिक उपयोगी पडतील.

दुसरी गोष्ट, तक्ता काम सुरू होण्यापूर्वी मुलांच्या हाती पडला पाहिजे, आणि तो त्यांना समजेल अशा भाषेत असला पाहिजे. ‘आशयाचे समृद्धीकरण’ यासारखी शब्दरचना प्रशिक्षणवर्गात शोभेल; पाचवीच्या मुलाला ती वाट दाखवीत नाही. याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलांच्या वह्यांतील दोन-तीन उतारे, नावे झाकून, वर्गात वाचून दाखवावेत आणि यांतला कोणता कोणत्या पायरीवर आणि का, हे मुलांनाच ठरवू द्यावे. निकष समजण्याचा याहून सोपा मार्ग नाही. राष्ट्रीय धोरणाने मुलाने स्वतःचे आणि सोबत्याचे मूल्यमापन करावे, असे म्हटले आहे. त्याचा अर्थ हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांवर खूण करणे हा नव्हे. दुसऱ्याच्या लेखनात काय साधले आणि काय राहिले, हे निकषाच्या आधारे बोलता येणे, हा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निकष वरून छापून येऊ नयेत. ते शिक्षकांनी एकत्र बसून घडवावेत. महाराष्ट्रात केंद्राकेंद्रांतून शिक्षण परिषदा भरतात. त्यांत परिपत्रके वाचण्यात जाणाऱ्या वेळापैकी एक तास काढून सर्व शिक्षकांनी त्याच पाच वह्या स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि नंतर आपले निर्णय शेजारी-शेजारी मांडावेत. हार्टॉग यांनी दाखविलेली तफावत तेथे डोळ्यांसमोर उभी राहील. ती लपविण्यासारखी नाही. तिच्यावर बोलण्यासारखी आहे. ‘मी याला दुसरी पायरी का दिली’ हे सहकाऱ्याला समजावून सांगताना शिक्षकाच्या मनातील निकष शब्दांत उतरतो आणि कधीकधी तो बदलतोही. दहावीच्या उत्तरपत्रिकांसाठी परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी साखळी मंडळाकडे आहेच. तीच शिस्त, दडपणाविना, प्राथमिक शाळांच्या केंद्रात यावी. शाळेच्या गुणांवरील लोकांचा विश्वास परत मिळविण्याचा दुसरा उपाय दिसत नाही.

चौथी गोष्ट, या नोंदींची बेरीज करू नये आणि त्या वर पाठवू नयेत. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने ‘तक्ते भरले का’ असे शिक्षकाला विचारण्याऐवजी, वर्गातील कोणत्याही मुलाला त्याची वही दाखवून ‘यात चांगले काय आहे आणि पुढच्या वेळी तू काय बदलशील’ एवढे विचारावे. मुलाने उत्तर दिले, तर त्या वर्गात मूल्यमापन झाले आहे. कपाटात एकही तक्ता नसला तरी. मुलाला उत्तर देता आले नाही, तर झालेले नाही. मग फाईल कितीही जाड असो.

येत्या काळात नवी प्रगतिपत्रके छापली जातील आणि शिक्षकांसमोर नवे रकाने येतील. ते रकाने भरले जातील, याविषयी कोणाला शंका नसावी. आपल्याकडे रकाने नेहमीच भरले जातात. प्रश्न आहे तो वांग्याचा पडलेला भाव लिहिणाऱ्या त्या मुलीचा. तिच्या लेखनात काय मोलाचे आहे, हे शाळेने तिला तिच्या समजुतीच्या शब्दांत सांगितले, तर प्रमाणलेखनाच्या पायऱ्या ती स्वतः चढेल. ते न सांगता तिच्या नावापुढे केवळ खूण केली, तर आणखी एक तक्ता पूर्ण होईल आणि आणखी एक मूल, आपल्याला लिहिता येत नाही अशी समजूत घेऊन, शाळेतून बाहेर पडेल.